'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान अपघाताची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास सापडते: 'विमान स्टॉल झाले, म्हणजेच त्याचे इंजिन बंद पडले.' कधी त्याला 'आणि ते हवेतच थांबले' अशी पुस्तीही जोडलेली असते. आपल्या दैनिकात हे वाक्य अधूनमधून दिसते, टीव्हीवरच्या चर्चांत तर रोजचेच. विमान स्टॉल झालेले असू शकते, इंजिन बंद पडलेलेही असू शकते. चूक आहे ती मधल्या 'म्हणजेच'मध्ये. स्टॉल पंखाला होतो, इंजिनाला नाही. आम्ही काही उड्डाण-प्रशिक्षक हे पत्र लिहीत आहोत ते एवढ्याचसाठी. विषय तांत्रिक असल्याने पत्र थोडे लांबले आहे.

खात्री करून घ्यायची तर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरकडे पाहावे. तिथे उडणाऱ्या ग्लायडरला इंजिनच नसते. जमिनीवरच्या यंत्राच्या रिळावर (विंचवर) गुंडाळला जाणारा दोर त्याला पतंगासारखा ओढून वर नेतो, वर पोचल्यावर दोर सोडून द्यायचा आणि मग वर चढणारी गरम हवा शोधत, घिरट्या घालत खाली यायचे. बंद पडायला इंजिन नाही, तरी ग्लायडर चांगला खणखणीत स्टॉल होतो आणि एकट्याने उडण्याआधी शिकाऊला स्टॉल ओळखणे व त्यातून बाहेर येणे शिकावेच लागते. दोराने वर जाताना ग्लायडरचे नाक खूप वर असते. अशा वेळी दोर तुटला तर पहिले काम एकच, नाक ताबडतोब खाली घ्यायचे. आणि वेग पुन्हा जमेपर्यंत वळायचे नाही. शिकाऊ दचकून नाक तसेच वर धरून बसला, तर दोन-तीन सेकंदांत वेग संपतो आणि ग्लायडर स्टॉल होतो.

गोंधळाचे मूळ मोटारगाडीत आहे. क्लच चुकीच्या वेळी सुटून गाडी आचका देऊन बंद पडली की इंग्रजीत त्याला 'स्टॉल' म्हणतात. इंग्रजी बातमीचे मराठी करताना तोच अर्थ विमानाला चिकटतो. मराठीत स्टॉल म्हटले की आधी वडापावचा आठवतो. तो घोळ अजून कुणी केलेला नाही, एवढे नशीब.

मग पंखाला नेमके होते काय? एसटीच्या खिडकीशेजारी 'हात बाहेर काढू नये' अशी पाटी असते, ती पाळावीच. पण लहानपणी ज्यांनी ती पाळली नाही, त्यांच्या तळहाताला हे शास्त्र ठाऊक आहे. हात सपाट धरून पुढची कड थोडी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी थोडी वर केली की आणखी जोरात. पण कड फारच वर केली की उचल एकदम जाते आणि वारा हात नुसता मागे ढकलत राहतो. विमानाच्या पंखाचेही असेच आहे. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यात जो कोन असतो, तो वाढवला की उचल वाढते. पंखाच्या पाठीवरून हवा तिच्या वळणाला चिकटून वाहत असते, तोवर हे चालते. साध्या सरळ पंखात हा कोन साधारण १५ ते १६ अंशांच्या पुढे गेला की हवेला ते वळण घेता येत नाही. ती पाठीवरून सुटते, मागे भोवरे होतात, उचल झपाट्याने घटते आणि मागे ओढणारा रोध झपाट्याने वाढतो. याला स्टॉल म्हणतात. या सगळ्यात इंजिनाचा उल्लेख कुठेही आलेला नाही, हे लक्षात यावे.

हे डोळ्यांनी पाहताही येते. पंखाच्या पाठीवर लोकरीचे चार-चार बोटे लांबीचे धागे चिकटपट्टीने ओळीत लावायचे. सरळ उड्डाणात ते सगळे मागे तोंड करून शिस्तीत पडलेले असतात. कोन वाढत गेला की आधी पंखाच्या मुळाशी, मागच्या कडेजवळचे धागे वळवळू लागतात, मग ती वळवळ पुढे आणि टोकाकडे सरकते, आणि स्टॉल झाला की धागे उलटे फिरून नाचू लागतात, काही तर चक्क पुढे तोंड करतात. मुळाशी आधी सुरुवात व्हावी म्हणून अनेक छोट्या विमानांच्या पंखाला टोकाकडे मुद्दाम किंचित पीळ दिलेला असतो, म्हणजे मुळाकडचा भाग स्टॉल झाला तरी टोकाकडची एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, काम देत राहतात. लोकर नसेल तर तारेवर उतरणारा कावळा बघावा. शेवटच्या क्षणी तो अंग उभे करतो, पंख वाऱ्याला आडवे घालतो, त्या वेळी पंखावरची बारीक पिसे उलटी फिसकटतात. तो कावळ्याने तारेपासून वीतभर अंतरावर, ठरवून केलेला स्टॉल असतो.

या कोनाला 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. त्याचे 'हल्ल्याचा कोन' असे भाषांतर एकदा वाचनात आले. कृपया ते करू नये, 'वाऱ्याशी पंखाचा कोन' पुरेसे आहे. मात्र इथेच दुसरी गफलत होते. हा कोन क्षितिजाशी मोजायचा नसतो. विमानाचे नाक कुठे आहे यावरून तो कळत नाही. विमान प्रत्यक्षात कुठल्या दिशेने सरकते आहे, म्हणजे हवा कुठून येते आहे, यावर तो ठरतो. उड्डाण घेणाऱ्या मोठ्या विमानाचे नाक १५ अंश वर असते, पण विमानही वरच चाललेले असते, म्हणून पंखाचा वाऱ्याशी कोन त्याहून बराच कमी असतो. उलट सूर मारलेल्या विमानाला घाईने वर ओढले, तर नाक जमिनीकडे रोखलेले असताना, वेग भरपूर असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. 'नाक खूप वर गेल्याने विमान स्टॉल झाले' हे वाक्य म्हणून अर्धेच बरोबर आहे.

वेगाचेही तेच. प्रत्येक विमानाला एक 'स्टॉल स्पीड' असतो आणि त्याखाली गेले की विमान पडते, असे समजले जाते. पुस्तकातला आकडा एका ठरावीक परिस्थितीचा असतो. शिकाऊ उड्डाणासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ एस या विमानाचे पूर्ण वजन २५५० पौंड, म्हणजे सुमारे ११५७ किलो. या वजनाला, इंजिन मंद ठेवून, पंख समतल असताना फ्लॅप (उचल वाढवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या झडपा) वर घेतलेले असतील तर ते ४८ नॉटला स्टॉल होते, फ्लॅप पूर्ण सोडलेले असतील तर ४० नॉटला. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, तेव्हा हे वेग झाले साधारण ८९ आणि ७४ किलोमीटर. आता हेच विमान फ्लॅप वर ठेवून, उंची कायम राखत वळवा. वळताना पंखाला विमानाचे वजन तर उचलायचे असतेच, शिवाय ते आत ओढायचेही असते. ३० अंश कलले की ४८ चा आकडा सुमारे ५२ वर जातो, ४५ अंशांना ५७ वर, आणि ६० अंशांना पंखावरचा भार बरोबर दुप्पट होऊन ६८ वर. भार जितका वाढेल त्याच्या वर्गमुळाच्या पटीत हा वेग वाढतो. ६० नॉटने निर्धास्त उडणारा शिकाऊ त्याच ६० नॉटवर, ६० अंश कललेल्या वळणात कधीच स्टॉल झालेला असेल.

छोट्या विमानांचे बरेच जीवघेणे अपघात एका विशिष्ट वळणावर होतात, ते यामुळेच. उतरण्याआधी धावपट्टीला समांतर जाऊन, काटकोनात वळून, मग शेवटचे वळण घेत धावपट्टीच्या रेषेत यायचे असते. त्या शेवटच्या वळणाला पाठीमागून वारा असला की विमान रेषेच्या पलीकडे सरकते. वैमानिकाला वाटते, जास्त कलायला नको, म्हणून तो पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, दाबून नाक आत ओढतो. नाक खाली जाऊ लागते, म्हणून तो हाताने ते वर धरतो. आतला पंख मंद, बाहेरचा वेगवान. आतला आधी स्टॉल होतो, विमान त्या बाजूला उलटते आणि गिरकी, म्हणजे स्पिन, सुरू होते. सेस्ना १७२ च्या पुस्तिकेनुसार एका फेऱ्याची गिरकी आणि त्यातून सावरणे यासाठी किमान १००० फूट धरून चालावे. त्या वळणावर विमानाखाली पाचसहाशे फूट असतात. इथे इंजिन शेवटपर्यंत सुरळीत चालू असते. बातमीत मात्र 'इंजिनात बिघाड झाल्याने' असे येते, आणि वाचक देखभाल करणाऱ्या मेकॅनिककडे बोट दाखवून मोकळा होतो.

स्टॉल जवळ आल्याची सूचना देणारी व्यवस्था विमानात असते. सेस्ना १७२ मध्ये ती इतकी साधी आहे की हसू यावे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी फट असते. तिच्यातून एक नळी केबिनमध्ये, पुढच्या काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळच्या शिट्टीपर्यंत येते. वीज नाही, तार नाही. कोन वाढला की त्या फटीपाशी हवेचा दाब कमी होतो, नळीतून हवा ओढली जाते आणि शिट्टी वाजते. स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी ती रडका सूर धरते आणि स्टॉल जवळ येईल तसा तो चढत जातो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ही फट पाहायची असते. कुंभारमाशीने मातीचे घर केले किंवा विमान धुताना मेण, साबण अडकला की शिट्टी मुकी होते. तपासायची रीत पुस्तिकेतच दिली आहे: फटीवर स्वच्छ रुमाल ठेवायचा आणि तोंडाने हवा ओढायची, आत शिट्टी वाजली की ठीक. पाहणाऱ्याला वाटते, हा पंखाचा मुका घेतो आहे की काय. रुमाल मात्र विसरू नये; फटीवर काय काय बसून गेलेले असते ते सांगण्यासारखे नाही.

मोठ्या विमानांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना वाऱ्याबरोबर फिरणारी छोटी पाती असतात, बर्फ जमू नये म्हणून आतून तापवलेली. ती वाऱ्याचा कोन मोजतात. कोन मर्यादेजवळ आला की अनेक विमानांत वैमानिकाच्या हातातला दांडा मोटरने खडखडा हलवला जातो, त्याला 'स्टिक शेकर' म्हणतात. शेपटीचा आडवा पंख उंचावर, उभ्या शेपटीच्या माथ्यावर असलेल्या काही विमानांत त्यापुढचे 'स्टिक पुशर' असते. ते दांडा सरळ पुढे ढकलते. कारण अशा विमानात खोल स्टॉल झाला की मुख्य पंखामागची गढूळ हवा नेमकी शेपटीवर येते आणि नाक खाली घ्यायचे साधनच निकामी होते. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी बीएसी वन-इलेव्हन या विमानाचा नमुना इंग्लंडमध्ये चाचणीत असाच पडला. १८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्स इथे ट्रायडंट विमान पडून ११८ जण गेले, तोही स्टॉलच. दोन्हींत इंजिनांचा दोष नव्हता.

स्टॉल शिकवतात कसा, हेही थोडे सांगतो, कारण 'स्टॉल झाले म्हणजे संपले' असा समज आहे. बारामती, धुळे, गोंदिया, कुठल्याही उड्डाण शाळेत तो धडा असतो. सावरून झाल्यावरही खाली दोन-तीन हजार फूट उरतील इतकी उंची घ्यायची. पट्टे आवळलेले आहेत ना, सुटे सामान नाही ना, खाली वस्ती नाही ना, हे बघायचे. दोन्ही बाजूंना वळून आसपास दुसरे विमान नाही याची खात्री करायची. मग थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे घ्यायचा आणि उंची राखण्यासाठी विमान हाकायचा दांडा हळूहळू मागे ओढत जायचे. वेग सेकंदाला साधारण एक नॉट उतरेल अशी घाई नसलेली ओढ हवी. वाऱ्याचा आवाज मंदावतो. कंट्रोल पोकळ लागू लागतात, दांडा बराच हलवला तरी विमान थोडेच ऐकते. शिट्टी रडू लागते. मग पंखावरून सुटलेली हवा शेपटीवर आपटून विमान थरथरते, खडीच्या रस्त्यावरून जावे तसे. आणि दांडा पोटापर्यंत आलेला असतानाही नाक आपण होऊन खाली पडते. हे शेवटचे लक्षण सगळ्यांत महत्त्वाचे.

शिकाऊ इथे दोन चुका करतो. नाक पडते म्हणून दांडा आणखी मागे ओढतो. म्हणजे जो कोन कमी करायचा तोच वाढवतो. आणि एक पंख खाली गेला तर मोटारीचे स्टिअरिंग फिरवावे तसा दांडा उलट बाजूला फिरवतो. त्याने पडलेल्या पंखाचे एलेरॉन खाली येते, त्या टोकाचा कोन आणखी वाढतो आणि पंख सावरण्याऐवजी अधिकच पडतो. बरोबर क्रम असा: दांडा पुढे, कोन कमी; शिट्टी आणि थरथर थांबली की पंख समतल; मग जरूर तेवढी पॉवर, आणि वेग आल्यावर अलगद वर. सेस्ना १७२ मध्ये हे नीट केले तर जास्तीत जास्त २३० फुटांच्या आसपास उंची जाते.

या क्रमात पॉवर तिसरी आहे, हे मुद्दाम लिहिले. जगभर अनेक वर्षे उलटे शिकवले जाई: पूर्ण पॉवर द्या आणि उंची शक्यतो घालवू नका. परीक्षेत उंची कमी गमावणारा हुशार ठरे. मोठ्या विमानांची इंजिने पंखाखाली लटकलेली असतात. स्टॉलमध्ये एकदम पूर्ण जोर दिला तर नाक आणखी वर फेकले जाते. २००९ नंतर हा धडा बदलला. आता आधी कोन, मग बाकीचे.

२००९ या वर्षातल्या दोन घटना शेजारी ठेवल्या की आमचे म्हणणे पुरे होते. १५ जानेवारीला न्यूयॉर्कहून निघालेल्या एअरबस ए३२० ला सुमारे २८०० फुटांवर हंसांचा थवा धडकला. दोन्ही इंजिनांचा जोर गेला. हे खरेखुरे 'इंजिन बंद पडणे'. वैमानिकाने नाक खाली धरून वेग राखला, विमान तरंगत हडसन नदीवर आणले. शेवटच्या क्षणी वेग बराच उतरला होता, पण संगणकाने पंखाचा कोन मर्यादेबाहेर जाऊ दिला नाही. पक्षी धडकल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत ३ मिनिटे २८ सेकंद. विमानातले सर्व १५५ जण वाचले. विमान स्टॉल झाले नाही म्हणूनच वाचले.

रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्स ४४७, एअरबस ए३३०, १ जूनला अटलांटिकवर ३५,००० फुटांवर होते. बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट सुटला. वैमानिकाने नाक वर ओढले. विमान ३८,००० फुटांच्या जवळ चढले आणि तिथे स्टॉल झाले. 'स्टॉल, स्टॉल' असा यंत्राचा आवाज एका टप्प्यात सलग ५४ सेकंद चालू होता. दांडा मागेच ओढलेला राहिला. त्यात एक विचित्र भर पडली: मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की संगणक कोनाचे माप अविश्वसनीय ठरवून सूचना बंद करी. म्हणजे नाक वर असताना शांतता, आणि नाक थोडे खाली घेतले की माप पुन्हा ग्राह्य होऊन 'स्टॉल'चा गजर! बरोबर कृती केली की ओरडा, चुकीची केली की शांतता. दोन्ही इंजिने शेवटपर्यंत चालू होती आणि वैमानिकांचे ऐकत होती. समुद्रावर आदळताना विमानाचे नाक १६ अंश वर होते, पुढे जाण्याचा वेग १०७ नॉट, खाली येण्याचा मिनिटाला १०,९१२ फूट. फुटांचे नॉट केले तर १०८ येतात. म्हणजे विमान जितके पुढे जात होते तितकेच खाली पडत होते, ४५ अंशांच्या उतारावरून, नाक आकाशाकडे करून. पंखाचा वाऱ्याशी कोन मग ६० अंशांच्या पुढे. खाली यायला लागली तीही, हडसनसारखी, साधारण साडेतीन मिनिटेच. २२८ जण गेले.

इंजिने गेलेली असताना विमान किती दूर जाते हे पाहायचे तर २४ ऑगस्ट २००१ चे एअर ट्रान्सॅट घ्यावे. इंधनगळतीने ए३३० ची दोन्ही इंजिने अटलांटिकवर थंड झाली. विमान सुमारे १९ मिनिटे आणि १२० किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस विमानतळावर उतरले, सर्व ३०६ जण वाचले. 'हवेतच थांबले' लिहिणाऱ्यांनी हा आकडा टेबलावर चिकटवून ठेवावा. विमान हवेत थांबत नाही.

बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत, ऑक्टोबर २०१८ मध्ये जावा समुद्रात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ जण गेले, तेव्हाही 'विमान स्टॉल झाले' असे सर्रास छापून आले. तिथे उलटे होते. विमान स्टॉल झालेलेच नव्हते. कोन मोजणाऱ्या एका पात्याचे माप चुकले, त्यावर विसंबून संगणकाने विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलले. 'स्टॉलची खोटी सूचना' हे तिथले बरोबर शब्द.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेनंतर चर्चांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी फिरत होते. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात नोंद आहे ती अशी: विमानाने १८० नॉटचा वेग गाठला आणि लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर, म्हणजे इंधन बंदवर, गेले. ही इंजिनाचा जोर जाण्याची नोंद आहे. तिला 'स्टॉल' म्हटले की क्रम पुसला जातो, आणि अपघातात क्रम हेच सारे काही असते.

आता, न्यायाने, इंजिनाशी संबंध असलेला एक स्टॉल आहे तोही सांगायला हवा. जेट इंजिनातल्या कॉम्प्रेसरची पाती म्हणजे छोटे पंखच. आत येणारी हवा वेडीवाकडी झाली, पक्षी गेला किंवा पाते झिजले की त्या पात्यांवर हवा सुटते. त्याला 'कॉम्प्रेसर स्टॉल' म्हणतात. मोठा धडाका होतो, कधी इंजिनातून ज्वाळा दिसते, आणि प्रवाशाने काढलेला व्हिडिओ घरोघरी पोचतो. पण तेव्हाही इंजिन बंद पडलेच असे नाही. पुष्कळदा थ्रॉटल मागे घेतला की ते सावरते. ज्योत विझून इंजिन बंद पडले तर त्याला 'फ्लेमआउट' म्हणतात. हेलिकॉप्टरमध्ये तर मागे सरकणारे पाते जास्त वेगाला स्टॉल होते, कमी वेगाला नव्हे.

शब्दाचे काय करावे? 'स्टॉल' तसाच ठेवावा, असे आमचे मत. हँगरमध्ये मराठी मुलेही तोच वापरतात. 'विमान स्टॉल झाले', 'स्टॉलमध्ये गेले', 'स्टॉलमधून काढले' ही वाक्ये ठीक आहेत. पहिल्या उल्लेखाशी एक फोड हवी, ती 'पंखाची उचल सुटली' अशी करावी. 'उठाव' नको, त्याने १८५७ आठवते. 'उचल' म्हटले की ऊसतोडीची आगाऊ रक्कम आठवेल खरी, पण शब्द अर्थाला नेमका बसतो. 'स्टॉल वॉर्निंग वाजली' याचा अर्थ 'स्टॉल झाले' असा करू नये. ती आधीच वाजण्यासाठी असते. इंजिनाबद्दल लिहायचे तर 'इंजिन बंद पडले', 'जोर गेला' हे आपले शब्द आहेतच.

आणि घटनास्थळी असलेल्या वार्ताहराने 'स्टॉल' हा शब्द ऐकला, तर छापण्याआधी समोरच्याला चार गोष्टी विचाराव्यात: इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत येत होता का, विमान वळत होते का, नाक वर होते की खाली, आणि पडताना ते सरळ आले की गिरक्या घेत. उत्तरे मिळाली नाहीत तर 'विमान कोसळले, कारण समजलेले नाही' एवढेच छापावे.

कळावे,
आपले वाचक,
काही उड्डाण-प्रशिक्षक, पुणे